फोटोतले थोरले
लालबाग-परळच्या चाळीत देव्हाऱ्याशेजारी एक फोटो असतो: डोक्याला मुंडासे, हातात काठी, काचेवर गंधाचे बोट. हे घरातले थोरले. मुंबईत बहुधा कधी राहिलेच नाहीत. मुलगा गिरणीत, ते कोकणात नाहीतर घाटावर. मनिऑर्डर त्यांच्याच नावे जाई. शेत, लग्ने, देणी तेच ठरवत. 18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला, तेव्हा अनेकांना त्यांनीच राखलेल्या जमिनीचा आधार मिळाला.

त्यांची आठवण निघते भाद्रपदाच्या वद्य पक्षात, म्हाळाला. तिथी माहीत नसली तर सर्वपित्री अमावास्येला. दादरहून केळीची पाने, अळू, भोपळा येतो. घास गच्चीच्या कठड्यावर ठेवतात. कावळा शिवेना, की कुणीतरी हात जोडून पुटपुटते, ‘गावचे घर मोडणार नाही.’