फॉर्म्युला वन जागतिक अजिंक्यपद: प्रारंभीचा काळ (१९५०–१९६०)

फॉर्म्युला वन जागतिक अजिंक्यपद ही उघड्या चाकांच्या, एकआसनी मोटारींची सर्वोच्च आंतरराष्ट्रीय शर्यत स्पर्धा आहे. चालकांसाठीचे हे अजिंक्यपद १९५० साली सुरू झाले. पहिल्या अकरा हंगामांत केवळ पाच चालक जगज्जेते ठरले.

पार्श्वभूमी

पहिली ग्रांप्री शर्यत १९०६ साली फ्रान्समधील ल मां येथे झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर सर्व मोटारींसाठी समान नियम ठरवण्यात आले. ‘फॉर्म्युला’ हा शब्द या नियमसंचाला उद्देशून आहे. त्यानुसार सुपरचार्जर असलेल्या इंजिनाला १.५ लिटर, तर नसलेल्या इंजिनाला ४.५ लिटर क्षमतेची मर्यादा होती.

पहिला हंगाम

अजिंक्यपदाची पहिली शर्यत १३ मे १९५० रोजी इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोन येथे, युद्धकालीन विमानतळाच्या जागेवर झाली. इटलीच्या ज्युसेप्पे फरिना यांनी ती जिंकली आणि पहिले तीनही क्रमांक अल्फा रोमिओच्या मोटारींनी पटकावले. हंगामात सात शर्यती होत्या. त्यांत अमेरिकेतील इंडियानापोलिस ५०० चाही समावेश होता, मात्र युरोपातील बहुतेक चालक तेथे जात नसत. फरिना व अर्जेंटिनाचे हुआन मनुएल फांजिओ यांनी प्रत्येकी तीन शर्यती जिंकल्या. मोंझा येथील अखेरच्या शर्यतीत फांजिओ यांची मोटार बंद पडली आणि फरिना ३० विरुद्ध २७ गुणांनी पहिले जगज्जेते ठरले.

अस्कारी आणि फांजिओ

१९५१ च्या हंगामानंतर अल्फा रोमिओने माघार घेतल्याने स्पर्धक मोटारी कमी उरल्या. त्यामुळे १९५२ व १९५३ चे हंगाम दोन लिटर इंजिनांच्या फॉर्म्युला टू नियमांनुसार घेण्यात आले. दोन्ही वेळा फेरारीचे अल्बर्टो अस्कारी विजेते ठरले. मे १९५५ मध्ये मोंझा येथे मोटार चालवताना अपघातात त्यांचा मृत्यू झाला.

फांजिओ यांनी अल्फा रोमिओ, मर्सिडीज, मासेराती व फेरारी या चार कंपन्यांच्या मोटारींतून पाच अजिंक्यपदे मिळवली. त्यांचा हा विक्रम २००३ मध्ये मिखाएल शूमाखर यांनी मोडला.

सुरक्षेचा प्रश्न

चालकांना आसनपट्टे नव्हते आणि प्रेक्षक मार्गालगत उभे राहत. जून १९५५ मध्ये ल मां येथील २४ तासांच्या शर्यतीत (ही फॉर्म्युला वनची शर्यत नव्हती) एक मोटार प्रेक्षकांत घुसून ८० हून अधिक लोक मरण पावले. त्यानंतर अनेक ग्रांप्री रद्द झाल्या, स्वित्झर्लंडने मोटार शर्यतींवर बंदी घातली आणि हंगामाअखेर मर्सिडीजनेही माघार घेतली.

१९५८ ते १९६०

१९५८ मध्ये ब्रिटनच्या स्टर्लिंग मॉस यांनी चार शर्यती जिंकल्या, तर त्यांचेच देशबांधव माइक हॉथॉर्न यांनी एकच; परंतु सातत्याने वरचे क्रमांक मिळवल्याने हॉथॉर्न ४२ विरुद्ध ४१ गुणांनी विजेते ठरले. पोर्तुगालमधील शर्यतीत हॉथॉर्न यांना अपात्र ठरवले जाण्याची शक्यता होती. तेव्हा मॉस यांनी पंचांसमोर त्यांच्या बाजूने साक्ष दिली. हॉथॉर्न यांचे ते गुण कायम राहिले आणि तेच अखेर निर्णायक ठरले. त्याच वर्षी सुरू झालेले मोटार उत्पादकांचे पहिले अजिंक्यपद व्हॅनवॉल संघाला मिळाले.

१९५९ व १९६० मध्ये ऑस्ट्रेलियाचे जॅक ब्रॅबहॅम कूपर मोटारीतून विजयी झाले. या मोटारीचे इंजिन चालकाच्या मागे बसवलेले होते. ती वजनाने हलकी होती व वळणांवर सहज आवरता येई. काही वर्षांतच इतर संघांनीही ही रचना स्वीकारली.

विजेत्यांची यादी

१९५०: ज्युसेप्पे फरिना (अल्फा रोमिओ)
१९५१: हुआन मनुएल फांजिओ (अल्फा रोमिओ)
१९५२, १९५३: अल्बर्टो अस्कारी (फेरारी)
१९५४: फांजिओ (मासेराती व मर्सिडीज)
१९५५: फांजिओ (मर्सिडीज)
१९५६: फांजिओ (फेरारी)
१९५७: फांजिओ (मासेराती)
१९५८: माइक हॉथॉर्न (फेरारी)
१९५९, १९६०: जॅक ब्रॅबहॅम (कूपर)