चाकाची नाडी

तापमापक लावल्याविना मी कोणत्याही बालकाचा ताप ठरवीत नाही. गाडीच्या चाकाला मात्र वर्षानुवर्षे पायाने ठोकूनच पाहत आलो. पौषातील एका रात्री बैहरहून अशक्त नवजात अर्भक बालाघाटला आणताना घाटात मागचा टायर फुटला. हवा कमी असली की टायरची बाजू सतत दबते, तापते आणि फाटते. स्टेपनी बसेपर्यंत मातेने बाळाला उघड्या छातीशी धरून ऊब दिली, बाळ वाचले. दुसऱ्या दिवशी विकत घेतलेल्या मापकाने उरलेली चाके तपासली. एका पंपावरील काट्याने ३२ पौंड दाखविलेली हवा प्रत्यक्षात २३ होती!

मापक शून्य ते ६० पौंडांचा, ठळक आकड्यांचा घ्यावा; काटा मधल्या पट्ट्यात अधिक विश्वासू असतो. मोजणी सकाळी, गाडी हलविण्यापूर्वी करावी, कारण धावल्याने चाक तापते व दाब वाढतो. मापक व्हॉल्व्हवर सरळ दाबावा; फुसफुस ऐकू आल्यास पुन्हा मोजावे. योग्य आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर असतो. टायरवरचा आकडा ही कमाल मर्यादा होय. थंडीत दाब उतरतो, म्हणून दरमहा स्टेपनीसह तपासणी करावी.

व्यवसायबंधूंनो, रक्तदाबमापकाशेजारी यालाही जागा द्यावी. वाटेत प्राण त्याच्याही भरवशावर असतात.