वारज्याला मेट्रो येतेय, पण हिंजवडीला कसं जायचं?

सकाळी साडेआठला वारज्याच्या उड्डाणपुलाखाली उभं राहून बघा. डोक्यावर हेल्मेट, पाठीवर लॅपटॉपची सॅक आणि बाइकचं तोंड हायवेकडे. चांदणी चौक, बाणेर, वाकड करत पब्लिक हिंजवडीला निघालेलं असतं!

तर मंडळी, गुड न्यूज आहे. २६ नोव्हेंबर २०२५ ला केंद्रीय मंत्रिमंडळानं पुणे मेट्रोच्या लाइन ४ आणि ४-ए ला हिरवा कंदील दाखवला. लाइन ४ खराडीहून हडपसर, स्वारगेट करत खडकवासल्याला जाणार. ४-ए आपली: नळ स्टॉप-वारजे-माणिकबाग, सुमारे ६ किलोमीटर. दोन्ही मिळून ३१.६ किलोमीटर, २८ स्टेशन्स, ९,८५७ कोटी रुपये आणि मुदत ५ वर्षांची. (पुण्यातली ५ वर्षं किती मोठी, ते ज्याचं त्यानं ठरवावं. भूमिपूजन डिसेंबर २०१६ चं, पहिली गाडी मार्च २०२२ मध्ये, तीही दोन तुकड्यांत!)

माणिकबागेचा टप्पा मात्र खरंच भारी आहे. मुठेच्या एका काठावर कर्वेनगर-वारजे, समोर सिंहगड रोड. पलीकडच्या मैत्रिणीकडे जायचं तर राजाराम पुलावर नाहीतर हायवेवर रांगेत उभं राहायचं. मेट्रो ही दोन उपनगरं थेट जोडेल.

आता हिंजवडीचं बघा. वारज्याहून ४-ए नं नळ स्टॉप. तिथून वनाझ-रामवाडी लाइननं सिव्हिल कोर्ट. तिथं पुन्हा गाडी बदलून २३ किलोमीटरची हिंजवडी लाइन. म्हणजे वायव्येला जायला आधी पूर्वेला जायचं, गावात शिरायचं आणि परत बाहेर पडायचं. तीन गाड्या! बाइकवाला एवढ्यात चहा पिऊन डेस्कवर बसलेला असेल.

हा आपल्या प्लॅनिंगचा जुना फंडा: सगळे रस्ते पेठांकडे. नोकऱ्या कधीच कडेला गेल्या, लाइन्स अजून मध्यातच भेटतात. गोल फिरणाऱ्या मार्गाची आयडिया नवी नाही बरं का. १९८७ च्या विकास आराखड्यातच एचसीएमटीआर नावाचा सुमारे ३६ किलोमीटरचा वर्तुळाकार मार्ग आखला होता. आराखड्यातून तो जमिनीवर काही उतरला नाही.

दुसरीकडे वनाझची लाइन चांदणी चौकापर्यंत वाढवायलाही जून २०२५ मध्ये मंजुरी मिळाली. म्हणजे हायवेवरच्या दोन शेजाऱ्यांकडे मेट्रो येणार, पण एकमेकांकडे जायला रूळ नाहीत. तेवढ्या पट्ट्यात रूळ जमत नसतील, तर निदान दर दहा मिनिटांनी पीएमपीची बस द्या की!