पंचेचाळीस मिलिमीटर

चेन्नईचा एग्मोर म्हटले की मराठी माणसाला १९०८चे लालपांढरे स्टेशन आठवते, फार तर पँथिऑन रोडवरचे सरकारी संग्रहालय. ज्याच्या डीजे कंट्रोलरचा क्रॉसफेडर बिघडला आहे, त्याचा एग्मोर मात्र वेगळा. तो स्टेशनकडे पाठ करून दक्षिणेला निघतो. आधी पुदुपेट लागते. भंगारात निघालेल्या गाड्या उलगडून त्यांचा नटबोल्टसुद्धा वाया जाऊ न देणारी ही वस्ती. इथे त्याचे काम नसते, पण वातावरणाची कल्पना येते. मग आदितनार सालैने कूवम नदी ओलांडायची, की अण्णा सालैच्या अलीकडे रिची स्ट्रीट. नाव एका गल्लीचे, बाजार मात्र नरसिंगपुरम स्ट्रीट, वॉलर्स रोड, मीरान साहिब स्ट्रीट असा आजूबाजूला पसरलेला. दिल्लीच्या नेहरू प्लेसनंतर देशातला सर्वांत मोठा इलेक्ट्रॉनिक बाजार म्हणून त्याचे नाव घेतात. मुंबईकरांनी लॅमिंग्टन रोड डोळ्यांपुढे आणावा, पुणेकरांनी पासोड्या विठोबाचा परिसर, आणि दुकानदारांची भाषा तेवढी बदलून घ्यावी.

कंट्रोलर म्हणजे लॅपटॉपवरची गाणी हातांनी वाजवायचे यंत्र, आणि क्रॉसफेडर म्हणजे त्याच्या मधोमध, खालच्या कडेला असलेली आडवी पट्टी. डावीकडे सरकवली की डावे गाणे, उजवीकडे सरकवली की उजवे, मध्ये ठेवली की दोन्ही. गणपतीच्या मिरवणुकीत ट्रकभर स्पीकर लावून जो ‘डीजे’ वाजतो, त्यात या पट्टीला बहुधा कोणी हात लावत नाही. एक गाणे संपले की दुसरे सुरू, एवढेच. पण जो स्क्रॅच करतो, एका हाताने तबकडी मागेपुढे घासत दुसऱ्या हाताने आवाज कापतो, त्याचे सगळे वाद्य म्हणजे हीच पट्टी.

ती मिक्सरच्या जन्मापासून नव्हती. सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कच्या डिस्कोंमध्ये बोझॅकचे मिक्सर होते, फिरवायच्या गोल बटणांचे. दोन रेकॉर्डमध्ये झटक्यात इकडून तिकडे जायची गरज ब्राँक्सच्या गल्ल्यांतून आली. तिथे ग्रँडमास्टर फ्लॅश आणि ग्रँड विझर्ड थिओडोर ही पोरे घरच्या टर्नटेबलवर नव्या करामती करत होती. आजच्या क्रॉसफेडरचे श्रेय बहुतेक जण ब्रिटनच्या सिट्रॉनिक कंपनीच्या रिचर्ड वॉडमनला देतात, १९७७च्या एसएमपी१०१ या मिक्सरसाठी. पुढे मिक्सर बदलले, रेकॉर्ड गेल्या, लॅपटॉप आला. पट्टी जागची हलली नाही.

आत काय असते? एक लांबट पत्र्याची डबी. तिच्या तळाशी कार्बनची काळी पट्टी, आणि दांड्याच्या खाली धातूची बारीक बोटे, त्या पट्टीवरून घासत जाणारी. पट्टीच्या दोन टोकांना दोन तारा, बोटांना तिसरी. जुन्या रेडिओचा आवाज वाढवताना खरखर यायची, तो भाग आणि हा भाग एकाच कुळातले. तो गोल फिरे, हा सरळ सरकतो. साध्या मिक्सरमध्ये या पट्टीतून प्रत्यक्ष आवाज जातो, म्हणून ती मळली की खरखर ऐकू येते. कंट्रोलरमध्ये आवाज इथून जातच नाही. पट्टी फक्त एक व्होल्टेज देते, आतली चिप त्याचा आकडा करते आणि यूएसबीतून लॅपटॉपला कळवते. मिडी, म्हणजे वाद्यांनी एकमेकांशी आकड्यांत बोलायची १९८३ साली आलेली पद्धत. तिच्या साध्या रूपात हा आकडा ० ते १२७. पट्टीची चाल सहसा ४५ मिलिमीटर. म्हणजे एक पायरी मिलिमीटरच्या एक तृतीयांशाएवढी.

म्हणून कंट्रोलरचा फेडर खरखरत नाही, खोटे बोलतो. बोटे डाव्या टोकाला टेकलेली असतात आणि आकडा शून्यावर न येता तीनवर अडतो. मग डावे गाणे चालू असताना उजवे मागून झिरपत राहते. किंवा मध्येच धुळीचा कण येतो, आकडा ६०वरून ११०वर उडी मारतो आणि ऐन लग्नाच्या मंडपात गाणे दचकते. वाजवणाऱ्याला वाटते केबल खराब, कोणाला वाटते लॅपटॉप अडकला. फेडरवर संशय सगळ्यांत शेवटी जातो.

आणि झिजतो मात्र तोच सगळ्यांत आधी. बोर्न्स कंपनी तिच्या कार्बन पट्टीच्या साध्या पीटीए जातीच्या सरकपट्टीला १५,००० फेऱ्यांचे आयुष्य देते. स्क्रॅच करणाऱ्याने सेकंदाला दोन फेऱ्या मारल्या, आणि ही चाल त्याच्यासाठी संथच, तर ७,५०० सेकंद. दोन तास पाच मिनिटे. अर्थात १५,००० झाल्या म्हणून पट्टी त्याच क्षणी मरत नाही. कंपनी किमान आकडा सांगते, आणि चांगल्या कंट्रोलरला पट्टीही चांगली असते. पण आवाज कमीजास्त करायला बनवलेली वस्तू आपण तबल्यासारखी वाजवतो, हे या हिशेबातून नीट कळते.

या कामात पेचकस चालवणे हा सोपा भाग आहे, असे माझे मत. अवघड भाग पेचकस हातात घेण्याआधीचा. दोन्ही गाणी एकदम वाजत असतील तर आधी चॅनेलचे बटण ‘थ्रू’वर गेले आहे का, ते बघावे, तसे असेल तर क्रॉसफेडर बाजूलाच पडतो. पट्टी उलटी चालते आहे असे वाटले तर ‘रिव्हर्स’ दाबले गेले असेल. काही जण मुद्दामच असे उलटे वाजवतात, त्याला हॅमस्टर म्हणतात. टोकाला आवाज उशिरा उघडतो अशी तक्रार असेल तर अनेक कंट्रोलरांत ‘कट लॅग’ची सेटिंग असते, ती बहुधा काही बटणे दाबून धरत यंत्र सुरू केल्यावर सापडते. हे सगळे पाहून झाल्यावर लॅपटॉपवर मिडीचे आकडे दाखवणारा एखादा प्रोग्रॅम उघडावा आणि पट्टी अगदी हळू, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्यावी. आकडे ओळीने चढले तर फेडर निर्दोष. ठरावीक जागीच उडी मारली तर पट्टी त्या जागी मळली किंवा झिजली आहे. कुठेही, कधीही उडी मारली तर तारेचा सांधा तपासावा.

मळली असेल तर बदलायची गरजही नसते. चेन्नईची दमट हवा, घाम, सांडलेले थंड पेय आणि कपड्यांचे तंतू मिळून फटीत एक चिकट थर बसतो. फेडरसाठीच बनवलेला क्लीनर दोन थेंब, दहा-पंधरा फेऱ्या, बस. घरात असलेला डब्ल्यूडी-४० मात्र इथे मारू नये. कारखान्यातून लावलेले ग्रीस तो धुऊन काढतो आणि जागी आपला थर सोडून जातो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पट्टी स्वच्छ होते, पण कोरडी पडते आणि हाताला करकरीत लागते.

झिजली असेल तर रिची स्ट्रीट. काउंटरवर प्रश्न पटापट येतात: “फॉर्टी फाइव्ह-आ, सिक्स्टी-आ?” “लीनियर-आ, लॉग-आ?” “सिंगल-आ, ड्यूअल-आ?” या तीन प्रश्नांची उत्तरे तयार नसतील तर अण्णा पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो, आणि त्याचे बरोबर असते. उत्तरे जुन्या फेडरवरच मिळतात. ‘बी१०के’ असे लिहिले असेल तर ‘बी’ म्हणजे सरळ चढणारा, लीनियर, आणि १० किलोओम रोध. ‘ए’ असेल तर लॉग, तो आवाजाच्या बटणांसाठी. ‘ए’ घेऊन गेलात तर पट्टी अर्ध्यावर असताना यंत्राला ती एका टोकाजवळ असल्यासारखी वाटेल. एवढे सगळे जुळले तरी दांड्याची उंची आणि जाडी उरतेच. दोन मिलिमीटरने आखूड दांडा असला की टोपी वरच्या पत्र्याला घासते, आणि नवा फेडर जुन्याहून वाईट चालतो. म्हणून जुना फेडर काढून खिशात घालून न्यावा. फोटोवर भागत नाही.

कंट्रोलर उघडणे हा रविवारचा अर्धा दिवस. यूएसबी आणि अडॅप्टर दोन्ही काढायचे. वरच्या टोप्या सरळ वर ओढायच्या, तिरक्या ओढल्या तर दांडा वाकतो. उलटे करून तळाचे स्क्रू. एखादा रबरी पायाखाली लपलेला असतोच. स्क्रू कागदावर यंत्राचे चित्र काढून त्या त्या जागी टोचून ठेवावेत, कारण लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर तो बोर्डापर्यंत पोचतो. झाकण एकदम उचलू नये: दोन्ही भागांना जोडणारी चपटी रिबन केबल असते, तिच्या सॉकेटची चिमुकली कडी आधी नखाने उघडावी लागते, आणि ही कडी तुटली तर फेडर बाजूलाच राहतो. फेडर स्वतः दोन स्क्रूंवर बसलेला. त्याची वायर कनेक्टरची असली तर पाच मिनिटांचे काम. सोल्डर केलेला असला तर जुन्या सांध्यावर आधी थोडे शिशाचे ताजे सोल्डर घालावे. आजची यंत्रे बिनशिशाच्या सोल्डरने जोडलेली असतात, ते वितळायला सुमारे २१७ अंश सेल्सिअस लागतात. शिशाचे ६०/४० सोल्डर १८३ ते १९० अंशांतच वितळते. दोन्ही मिसळले की सांधा लवकर सुटतो आणि बोर्डावरची तांब्याची पट्टी उचकटत नाही.

नवीन काय बसवावे, यावर मतभेद आहेत. अमेरिकेच्या रेन कंपनीने चुंबकावर चालणारा, कुठेही न घासणारा फेडर आणला. पायोनियरच्या डीजेएम-एस९ मिक्सरमध्ये २०१५ साली मॅगव्हेल हा चुंबकी फेडर आला. आणि इनोफेडर नावाचा, न टेकता जागा ओळखणारा फेडर सुटा मिळतो, काही कंट्रोलरांत बसतो. स्क्रॅच शिकणाऱ्याने पैसे साठवून असाच घ्यावा. लग्नात गाण्यामागून गाणी लावणाऱ्याला चांगली कार्बन पट्टी पुरते, आणि मध्यम किमतीच्या कंट्रोलरमध्ये महागडा फेडर बसवणे मला तरी हौसच वाटते.

वॉरंटीचा प्रश्न उरतोच. मुदत संपली नसेल तर उघडू नये. सील तुटले की सर्व्हिस सेंटरवाले हात वर करू शकतात. ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले. त्यात मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू आहेत, शेतीची अवजारे आहेत, गाड्या आहेत. सुटा भाग आणि त्याची माहिती ग्राहकाला मिळावी, हा त्यामागचा हेतू. पण फेडरचा नंबर विचारायला डीजे अजून काउंटरवरच येतो.

नवा फेडर बसल्यावर सगळे स्क्रू एकदम पिळू नयेत. दोन लावून यूएसबी जोडावी, पट्टी पुन्हा हळू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्यावी आणि आकडे शून्य ते १२७ पूर्ण येतात का बघावे. उलटे आले तर टोकांच्या दोन तारा अदलाबदल झाल्या आहेत. नीट आले तर कट लॅग पुन्हा लावून घ्यावा. जुन्या, झिजलेल्या पट्टीसाठी केलेली सेटिंग नव्या पट्टीला बहुधा जुळत नाही. आणि जुना फेडर फेकू नये. त्याची टोपी, कनेक्टर आणि वरचे छापील अक्षर पुढच्या खेपेला रिची स्ट्रीटच्या काउंटरवर लागणारच आहे.