जुनी द्विधाव दुचाकी वाहने (महाराष्ट्र)

जुनी द्विधाव दुचाकी वाहने म्हणजे दट्ट्याच्या दोनच धावांत कार्यचक्र पूर्ण करणाऱ्या, पेट्रोल व वंगणतेल यांच्या मिश्रणावर चालणाऱ्या इंजिनांच्या स्कूटर, मोपेड आणि मोटारसायकली होत. बोलीभाषेत त्यांना ‘टू-स्ट्रोक गाड्या’ म्हणतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय आणि शेतकरी कुटुंबांचे पहिले स्वयंचलित वाहन बहुधा याच जातीचे असे. उत्सर्जनाचे नियम कडक होत गेल्याने त्यांचे उत्पादन थांबले. मात्र पूर्वी नोंदविलेले वाहन बाळगण्यास किंवा रस्त्यावर चालविण्यास महाराष्ट्रात सरसकट मनाई नाही. ‘पंधरा वर्षांनंतर गाडी बाद होते’ हा समज दूरवर पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. पंधरा वर्षांनी वाहनाची नोंदणी संपते; ते नूतनीकरणास पात्र राहते. पेट्रोलच्या पंधरा वर्षांवरील वाहनांविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाने दिलेला आणि सर्वोच्च न्यायालयाने इ.स. २०१८ मध्ये कायम केलेला आदेश दिल्ली व भोवतालच्या राष्ट्रीय राजधानी क्षेत्रापुरता होता.

रचना आणि दोषाचे मूळ

चतुर्धाव इंजिनात शोषण, संपीडन, ज्वलन आणि निष्कासन या चार क्रियांसाठी दट्ट्याच्या चार धावा लागतात, तर द्विधाव इंजिनात हे काम दोन धावांत उरकते. त्यात झडपांची यंत्रणा नसते. सिलिंडरच्या भिंतीतील द्वारे वरखाली होणारा दट्ट्याच उघडतो व झाकतो. हलणारे भाग थोडे असल्याने इंजिन हलके, स्वस्त आणि दुरुस्तीस सोपे ठरते. प्रत्येक फेऱ्यात ज्वलन होत असल्यामुळे आकाराच्या मानाने त्याची ताकदही अधिक असते. गावातील साध्या कारागिराला मोजक्या पान्यांनिशी ते खोलून पुन्हा जोडता येत असे, हे त्याच्या लोकप्रियतेचे मोठे कारण होते.

दोषही याच साधेपणात आहे. जळालेला वायू बाहेर पडत असतानाच पेट्रोल-हवेचे ताजे मिश्रण सिलिंडरमध्ये शिरते आणि त्या क्षणी निष्कासनद्वार उघडेच असते. त्यामुळे ताज्या मिश्रणाचा साधारणतः १५ ते ४० टक्के भाग न जळताच धुराड्यावाटे निघून जातो. शिवाय भुजादंडाच्या पेटीतून मिश्रण जात असल्यामुळे तेथे चतुर्धाव इंजिनासारखा तेलाचा साठा ठेवता येत नाही. वंगणतेल पेट्रोलबरोबर मिसळावे लागते आणि ते अर्धवट जळून निळसर धूर होतो. द्विधाव इंजिनातून नायट्रोजनाची ऑक्साइडे मात्र कमी निघतात. त्याची अडचण आहे ती न जळालेल्या हायड्रोकार्बनांची, कार्बन मोनॉक्साइडची आणि तेलाच्या सूक्ष्म कणांची.

महाराष्ट्रातील प्रसार

भारतातील द्विधाव दुचाकींच्या इतिहासाचा मोठा भाग पुणे परिसरात घडला. बजाज ऑटोने इटलीच्या पियाज्जिओ कंपनीच्या परवान्यावर आकुर्डी येथे व्हेस्पा स्कूटर तयार केली. परवान्याची मुदत संपल्यावर इ.स. १९७२ मध्ये महाराणा प्रतापांच्या घोड्याच्या नावाची ‘चेतक’ बाजारात आली. मागणीच्या मानाने उत्पादन इतके अपुरे होते की स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. त्याच वर्षी कायनेटिक इंजिनिअरिंगने ‘लुना’ ही ५० घन सेंटिमीटर क्षमतेची मोपेड आणली. तीही पियाज्जिओच्याच ‘चाओ’ या मोपेडवर आधारित होती. हस्तीमल कुंदनमल फिरोदिया यांचे नाव या वाहनाशी जोडलेले आहे. सायकलचा मालक आणि स्कूटरचा मालक यांच्यामध्ये जो मोठा वर्ग होता, त्याच्या हाती लुनाने पहिल्यांदा यंत्र दिले. पुढे बजाजचा वाळूज येथील कारखाना (औरंगाबाद, आताचे छत्रपती संभाजीनगर) इ.स. १९८५ मध्ये सुरू झाला आणि मराठवाड्याचाही या उद्योगाशी थेट संबंध आला.

खेड्यांत राजदूत, येझदी आणि बजाज एम-८० यांचे स्थान वेगळे होते. दुधाच्या कॅन, खताची पोती, फवारणीचे पंप, प्रसंगी आजारी माणूस असा सारा भार कच्च्या रस्त्यावरून त्यांनी वाहिला. यामाहा आरएक्स १०० (इ.स. १९८५ ते १९९६) ही तरुणांची गाडी होती आणि आजही तिला जुन्या वाहनांच्या बाजारात चढी किंमत मिळते.

उत्सर्जन-मर्यादांचा क्रम

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ अन्वये पेट्रोलच्या दुचाकींसाठी वस्तुमानावर आधारित मर्यादा इ.स. १९९१ पासून लागू झाल्या. त्या वेळी कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा वाहनाच्या वजनानुसार दर किलोमीटरला १२ ते ३० ग्रॅम होती. इ.स. १९९६ मध्ये ती ४.५ ग्रॅमवर आणि इ.स. २००० मध्ये २ ग्रॅमवर आली. इ.स. २००५ च्या भारत स्टेज २ मध्ये ती १.५ ग्रॅम आणि इ.स. २०१० च्या भारत स्टेज ३ मध्ये १ ग्रॅम झाली. हायड्रोकार्बन व नायट्रोजन ऑक्साइडे यांच्या एकत्रित मर्यादेचाही असाच संकोच झाला: १९९६ मध्ये ३.६ ग्रॅम, २००० मध्ये २, २००५ मध्ये १.५ आणि २०१० मध्ये १. ही दुसरी मर्यादाच द्विधाव इंजिनाला अधिक जाचक ठरली, कारण न जळता निसटणारे पेट्रोल थेट तिच्यात मोजले जाते. काही उत्पादकांनी धुराड्यात उत्प्रेरक परिवर्तक बसवून इ.स. २००० नंतरही द्विधाव गाड्या चालू ठेवल्या. टीव्हीएस एक्सएल ही मोपेड त्यांत सर्वांत चिवट निघाली. इ.स. २०१५ मध्ये एक्सएल १०० या नावाने तिलाही चतुर्धाव इंजिन मिळाले. बजाजने डिसेंबर २००९ मध्ये स्कूटरचे उत्पादन थांबविण्याचा निर्णय जाहीर केला. १ एप्रिल २०१७ पासून भारत स्टेज ४ आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ लागू झाले.

या सर्व मर्यादा कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या नव्या वाहनासाठी आहेत. त्या मागे जाऊन जुन्या वाहनाला लावल्या जात नाहीत. वापरातील वाहनाची ‘पीयूसी’ तपासणी नियम ११५ खाली होते आणि तिचे मापदंड उत्पादनाच्या तारखेनुसार ठरतात. ३१ मार्च २००० पर्यंत तयार झालेल्या दुचाकीसाठी, इंजिन सावकाश फिरत असताना, कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्के आणि हायड्रोकार्बने दशलक्षांत ९,००० भाग इतकी मुभा आहे. त्यानंतरच्या द्विधाव दुचाकीसाठी हे आकडे ३.५ टक्के आणि ६,००० असे आहेत. म्हणजे १९९० सालच्या चेतकने आजच्या स्कूटरइतके स्वच्छ असावे, अशी कायद्याची अपेक्षा नाही. तिने स्वतःच्या काळाच्या मानाने बिघडलेले नसावे, एवढीच आहे.

नोंदणी आणि खर्च

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ४१ नुसार खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षे वैध असते आणि पुढे पाच-पाच वर्षांसाठी तिचे नूतनीकरण होते. त्यासाठी नमुना २५ मध्ये अर्ज, चालू विमा, पीयूसी प्रमाणपत्र आणि मोटार वाहन निरीक्षकाकडून वाहनाची प्रत्यक्ष तपासणी आवश्यक असते. नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ३०० रुपयांवरून १,००० रुपये झाले. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने वीस वर्षांवरील मोटारसायकलीसाठी ते २,००० रुपये करण्यात आले. उशीर झाल्यास दरमहा ३०० रुपये अधिक आकारले जातात. महाराष्ट्रात याखेरीज पर्यावरण कर आहे. इ.स. २०१० मध्ये तो लागू झाला तेव्हा पंधरा वर्षांवरील दुचाकीसाठी पाच वर्षांचे २,००० रुपये असा दर होता. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या वाहनांना उच्च सुरक्षा नोंदणी पाटी बसविणेही आवश्यक झाले आहे.

या रकमा एकत्र केल्या तर वीस वर्षांवरील लुनाच्या पाच वर्षांच्या नूतनीकरणाला, विमा व दुरुस्ती सोडूनही, चार हजारांच्या पुढे खर्च येतो. संग्राहकाला ही रक्कम किरकोळ वाटेल. रोज शेतावर जाण्यासाठी तीच गाडी वापरणाऱ्याला ती वाहनाच्या बाजारभावाशी ताडून पाहावी लागते. त्यामुळे अनेक गाड्या नोंदणी संपल्यावरही तशाच चालत राहतात आणि हा मार्ग सर्वांत धोक्याचा आहे. नोंदणी संपलेले वाहन कायद्याच्या दृष्टीने अनोंदणीकृत असते आणि अपघात झाल्यास विम्याच्या दाव्यातही अडचण येते.

अंबाजोगाई परिसर

बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई (निजाम राजवटीतील मोमिनाबाद) हे बालाघाटाच्या रांगांत वसलेले गाव आहे. शहरात रेल्वे नाही. तालुक्यातील घाटनांदूर आणि शेजारचे परळी वैजनाथ ही जवळची स्थानके होत. योगेश्वरी देवीचे देवस्थान, जुन्या शिक्षणसंस्था आणि स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय यांमुळे भोवतालच्या खेड्यांतून येथे सतत ये-जा असते. एस.टी.ची वेळ चुकली की स्वतःचे वाहन हाच आधार, अशा या चढउताराच्या मुलखात हलक्या दुचाकीची उपयुक्तता सांगावयास नको.

येथील जुन्या दुचाकी त्यांच्या क्रमांकावरून ओळखता येतात. ‘एमएच’ मालिका सुरू झाल्यानंतर जिल्ह्यातील वाहनांना बीडचा एमएच-२३ हा संकेतांक मिळे. पुढे अंबाजोगाईला उपप्रादेशिक परिवहन कार्यालय होऊन एमएच-४४ हा स्वतंत्र संकेतांक आला. त्यामुळे अंबाजोगाईच्या घरासमोर एमएच-२३ ची गाडी उभी असेल, तर ती एक तर बीडकडची किंवा जुनी, असा अंदाज बांधता येतो. क्रमांक जुना असला तरी तो बदलावा लागत नाही. खरी अडचण कागदी नोंदवह्यांतील माहितीची असते. ती संगणकीय ‘वाहन’ प्रणालीत चढलेली नसेल, किंवा सांगाडा व इंजिन यांच्या क्रमांकात एखादे अक्षर चुकलेले असेल, तर ती नोंद आधी दुरुस्त करून घ्यावी लागते. वडिलांच्या नावावरील गाडी त्यांच्या पश्चात मुलांनी वापरत राहणे ही अशीच दुसरी अडचण. वारसाच्या नावे हस्तांतर न करता नूतनीकरण होत नाही आणि हे ध्यानात येईपर्यंत मुदत टळून गेलेली असते.

देखभाल आणि धूर

द्विधाव इंजिनाच्या धुराचे प्रमाण मालकाच्या हाती बरेच असते. तेलाचे प्रमाण उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे, साधारणतः लिटरमागे २० ते ४० मिलिलिटर ठेवावे लागते. ‘थोडे जास्त तेल घातले की इंजिन टिकते’ हा जुना समज खरा नाही. जादा तेलाने धूर वाढतो, प्लग काळा पडतो आणि निष्कासनद्वारात काजळी साचून गाडीची ओढ कमी होते. याउलट तेल कमी पडल्यास दट्ट्या तापून सिलिंडरमध्ये अडकतो. चतुर्धाव गाडीतून काढलेले वापरलेले तेल मिसळणे तर सर्वथा अयोग्य. आरएक्स १०० व कायनेटिक होंडा या गाड्यांत तेलाची वेगळी टाकी व पंप असल्यामुळे हे मिश्रण आपोआप होते. चेतक आणि लुना यांच्या मालकाला मात्र पेट्रोलपंपावर स्वतः माप पाहावे लागे. (स्कूटर एका बाजूला कलती करून मग किक मारण्याची लकब याच पिढीची, तिच्या गुणाविषयी कारागिरांत आजही एकमत नाही.)

सायलेन्सरमधील काजळी काढणे, हवेची गाळणी साफ ठेवणे, झिजलेली पिस्टन-रिंग बदलणे आणि कार्ब्युरेटर जुळविणे एवढ्याने बहुतेक जुनी वाहने पीयूसी तपासणीत उतरतात. तपासणीपुरता सावकाश गतीचा स्क्रू फिरवून मिश्रण विरळ करण्याची युक्तीही प्रचलित आहे. तिने यंत्रावरील आकडा उतरतो, पण गाडी वेगात असताना पेट्रोल मुख्य जेटमधून येत असल्याने रस्त्यावरील धूर जवळजवळ तेवढाच राहतो. चाचणी केवळ सावकाश गतीवर घेतली जात असल्याने ही पळवाट शिल्लक राहिली आहे.

इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे नवी काळजी उत्पन्न झाली आहे. इथेनॉलात ऑक्सिजन असल्याने त्याच जेटमधून जाणारे मिश्रण विरळ होते आणि विरळ मिश्रणावर द्विधाव इंजिन अधिक तापते. इथेनॉल हवेतील ओलावाही शोषते. अशा पेट्रोलने टाकी भरून महिनोन्‌महिने उभी ठेवलेली गाडी गंज आणि खराब झालेले रबरी भाग यांमुळे पुढे त्रास देते. मराठवाड्यातील उसाला इथेनॉलने नवे गिऱ्हाईक मिळवून दिले. त्याच शेतकऱ्याच्या दारातील जुन्या राजदूतला मात्र ते तितकेसे मानवत नाही.

होड्यांची इंजिने

याच तत्त्वावरील इंजिने लहान होड्यांच्या मागे बसवितात. त्यांना आउटबोर्ड इंजिन म्हणतात. भारत स्टेज मर्यादा रस्त्यावरील वाहनांसाठी असल्याने होडीचे इंजिन त्यांच्या कक्षेबाहेर राहते. अमेरिकेत मात्र इ.स. १९९६ च्या नियमांनी नव्या आउटबोर्ड इंजिनांच्या हायड्रोकार्बन-उत्सर्जनात टप्प्याटप्प्याने मोठी घट सक्तीची केली. तेथील टाहो सरोवरावर इ.स. १९९९ पासून कार्ब्युरेटरच्या द्विधाव इंजिनांना प्रवेशच बंद झाला. न जळालेले पेट्रोल व तेल तेथे थेट पाण्यात उतरत होते, म्हणून वाहनाचे वय न पाहता जागाच वर्ज्य करण्याचा हा मार्ग निवडला गेला. फिलिपिन्समध्ये याउलट जुन्या द्विधाव तीनचाकींना थेट इंधन-अंतःक्षेपणाचे संच बसवून पाहण्यात आले. निष्कासनद्वार मिटल्यावर पेट्रोल आत सोडले की ते निसटत नाही, ही त्यामागील कल्पना होती.

पुरातन वाहने आणि विद्युत रूप

केंद्र सरकारच्या जुलै २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेली आणि मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी ‘पुरातन’ म्हणून नोंदविता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि फेरनोंदणीचे ५,००० रुपये आहे. क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. इ.स. १९७२ च्या पहिल्या चेतक व लुना या वयाला पोहोचल्या आहेत. तथापि पुरातन वाहन रोजच्या प्रवासासाठी वापरता येत नाही. प्रदर्शन, फेरी, दुरुस्ती अशा प्रसंगीच ते रस्त्यावर आणता येते. १९८० आणि १९९० च्या दशकांतील, अजूनही कामावर असलेल्या गाड्यांना या तरतुदीचा उपयोग नाही. त्यांना पाच वर्षांच्या नूतनीकरणाचाच रस्ता खुला आहे.

दोन्ही नावे आता विजेवर परतली आहेत. बजाजने जानेवारी २०२० मध्ये विद्युत चेतक विक्रीस आणली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ई-लुना आली.