तलाठ्याचं दप्तर आणि सर्व्हरची खोली

डेटा बॅकअपवर लिहा, असं संपादक म्हणाले तेव्हा काचेची खोली, थंडगार एसी आणि लुकलुकणारे दिवे डोळ्यांसमोर आले. नांदेड-लातूरकडे मी मात्र अडकलो तो तलाठ्याच्या दप्तरात. (पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, गाव अजून तलाठीच म्हणतं.)

प्रत का लागते, ते मागच्या दोन घटनांतून थोडक्यात. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारी हादरली. लातूर-उस्मानाबादेत सुमारे 8,000 माणसं गेली, 52 गावं नव्या जागी वसवावी लागली. भूकंपाच्या नकाशावर हा भाग तेव्हा सर्वांत कमी धोक्याचा होता. पुढे 21 जून 2012ला खुद्द मंत्रालयालाच आग लागली आणि ढिगांनी फायली जळाल्या.

आता दप्तराकडे येऊ. सातबारा सांगतो जमिनीची आजची स्थिती: मालक कोण, क्षेत्र किती, बोजा कुणाचा, पीक काय. ती स्थिती कशी बदलत गेली हे मात्र गाव नमुना 6 सांगतो, म्हणजे फेरफाराची नोंदवही. खरेदीखत झालं, वारस लागले, बँकेचं कर्ज चढलं की फेरफार पडतो. तलाठी नोटिसा काढतो, मंडळ अधिकारी मंजुरी देतो, मगच सातबाऱ्याला हात लागतो. हस्तलिखिताच्या काळात तिथेही जुना मालक खोडला जात नसे, कंसात जायचा. फेरफाराचा क्रमांक वर्तुळात बसायचा. साधारण दर दहा वर्षांनी सातबाऱ्याचं पुनर्लेखन व्हायचं.

डेटाबेस सांभाळणारे दुसरं काय करतात? ठरावीक काळाने पूर्ण प्रत काढायची आणि मधल्या प्रत्येक व्यवहाराची क्रमवार नोंद वेगळी ठेवायची. घात झालाच तर शेवटची पूर्ण प्रत उतरवून घ्यायची आणि तिच्यावर एकेक व्यवहार पुन्हा चढवत आजपर्यंत यायचं. फाटलेला सातबाराही असाच उभा करता येतो: मागच्या पुनर्लेखनाची प्रत आणि त्यानंतरचे फेरफार. दौत-टाकाच्या काळात ज्यांनी ही रीत बसवली, त्यांचं मला मनापासून कौतुक वाटतं.

प्रत खरी आहे का, हे पाहण्याची सोयही गावातच होती. हाताने लिहिलेले सातबारे संगणकावर चढले तेव्हा चुका निघाल्या. 2017मध्ये चावडी वाचनाची मोहीम झाली. संगणकातला उतारा गावासमोर मोठ्याने वाचायचा आणि ज्याची जमीन त्याने हरकत घ्यायची. एवढी कडक तपासणी किती बँका आपल्या बॅकअपची करतात, देव जाणे. 1 मे 2018पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला.

अडचणी इथून पुढच्या. लातूरच्या आडतीवर तूर-सोयाबीनचे हिशेब टॅलीत असतात. बॅकअप म्हणजे पेन ड्राइव्ह, आणि तो बऱ्याचदा त्याच संगणकाला खोचलेला. खंडणीचा व्हायरस शिरला तर खोचलेली प्रतही कुलूपबंद होते. मोठ्यांचंही तेच भय. जुलै 2024च्या अखेरीस सी-एज या कंपनीच्या यंत्रणेवर असा हल्ला झाला. ती देशभरातल्या जवळपास 300 लहान सहकारी आणि ग्रामीण बँकांना सेवा पुरवते. धोका पसरू नये म्हणून त्या बँकांचं पैसे पाठवण्याचं जाळं तात्पुरतं तोडावं लागलं.

मग प्रत ठेवायची कुठे? लातूरची नांदेडला ठेवली तर ती पुरेशी लांब नाही. 2024च्या मार्चमध्ये आणि जुलैमध्ये हिंगोलीकडे जमीन हलली, धक्के नांदेडात जाणवले. ऑगस्ट 2025मध्ये मुखेड तालुक्यातलं हसनाळ पुरात बुडालं. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची मोठी डेटा सेंटरं दिल्ली, पुणे, हैदराबाद आणि भुवनेश्वर अशी एकमेकांपासून दूर आहेत, ती यासाठीच.

हैदराबादेत मराठवाड्याची एक प्रत आधीपासून आहेच, निजामाच्या दप्तरातली. 2023मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती कुणबी नोंदी शोधू लागली तेव्हा गावोगावचे बस्ते सुटले, हैदराबादचं दप्तरही धुंडाळलं गेलं. कागद होते, पण मोडी आणि उर्दू वाचणारी माणसं शोधावी लागली. ती मिळाली तरी. नव्वदच्या दशकात श्रीलिपीसारख्या फॉण्टमध्ये टंकलेल्या मराठी फायली आज तो फॉण्ट नसलेल्या संगणकावर उघडल्या, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. रूपांतर करणारी साधनं आहेत, पण प्रत्येक फॉण्टची जुळणी वेगळी असते, जोडाक्षरं तुटतात, आणि मूळ कागद रद्दीत गेला असेल तर दुरुस्ती कशावरून करायची, हा प्रश्न उरतो.