सायकल जमते, धावही जमते. पण नदीचं काय?

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर दर फेब्रुवारीत ‘कोस्ट टू कोस्ट’ ही शर्यत होते. रॉबिन जडकिन्स यांनी ती १९८३ साली सुरू केली. पश्चिमेला टास्मान समुद्राकाठच्या कुमारा बीचवरून निघायचं, सदर्न आल्प्सची डोंगररांग ओलांडायची आणि पूर्वेला ख्राइस्टचर्चच्या किनाऱ्यावर पॅसिफिक महासागर गाठायचा. एकूण अंतर २४३ किलोमीटर. त्यात सायकलिंग आहे, डोंगरातली तीसेक किलोमीटरची धाव आहे आणि वायमाकारिरी नदीतलं जवळपास सत्तर किलोमीटर कयाकिंग आहे. बरेच जण हे दोन दिवसांत करतात. एका दिवसात पुरं करणाऱ्यांच्या गटाला ‘लाँगेस्ट डे’ म्हणतात, आणि तिथे विजेत्यांनाही अकरा-बारा तास लागतात.

आपल्याकडे २०१९ साली गोव्यात आयर्नमॅन ७०.३ सुरू झाली आणि ट्रायथलॉन मराठी वाचकाच्या चांगलं ओळखीचं झालं. त्यामुळे अशा शर्यतीबद्दल ऐकलं की वाटतं, पोहण्याच्या जागी कयाक आलं, एवढाच काय तो फरक. दम असला की झालं. सगळ्यात मोठा गैरसमज हाच.

सायकलवर दमलेला माणूस रस्त्याच्या कडेला उतरू शकतो. वाहत्या नदीत नुसतं थांबायलाही कसब लागतं. एखाद्या मोठ्या खडकाआडची शांत जागा लांबूनच हेरायची, प्रवाहाची सीमा ओलांडताना कयाक नेमक्या बाजूला कलवायचं आणि आत शिरायचं. कलवण्यात चूक झाली की कयाक उलटलंच. नदीतल्या खळाळांची अवघडपणानुसार एक ते सहा अशी श्रेणी लावतात; वायमाकारिरी दुसऱ्या श्रेणीत मोडते. म्हणूनच स्पर्धकाला ‘ग्रेड टू’चं प्रमाणपत्र आणावं लागतं. उलटल्यावर सुखरूप बाहेर पडणं, प्रवाह तिरका कापून पलीकडे जाणं, तोल जाताना वल्ह्याचा आधार घेणं या गोष्टी त्यासाठी पाण्यात करून दाखवाव्या लागतात. शिवाय ही नदी खोऱ्याच्या रुंद भागात वेणीच्या पेडांसारखी अनेक धारांत फुटते. कुठल्या धारेला पाणी जास्त आहे हे वेळीच ओळखलं नाही, तर कयाक गोट्यांवर अडकतं आणि उतरून ओढत न्यावं लागतं. नदी वाचण्याची ही सवय नदीवरच लागते.

‘लांब, अरुंद आणि हलकं कयाक घ्या, वेळ वाचेल’ हा सल्ला अर्धाच खरा आहे. संथ पाण्यात, ताज्या अंगाने ते पळतं हे खरं. पण नदीत चार ते सात तास काढायचे असतात, तेही सायकल आणि डोंगर झाल्यावर. डगमगत्या कयाकात प्रत्येक लाटेला माणूस पुढे जायचं सोडून तोल सांभाळत बसतो. एकदा उलटलं की काठाला लागा, पाणी उपसा, पुन्हा बसा. वाचवलेली मिनिटं तिथेच जातात. नवख्याने थोडं रुंद, स्थिर कयाक निवडण्यात कमीपणा मानू नये. कयाकच्या दोन्ही टोकांत हवा भरलेल्या पिशव्याही हव्यातच. त्या नसतील तर उलटलेलं कयाक शेकडो लिटर पाणी पोटात घेतं आणि एकट्याने काठाला आणणं अशक्य होतं.

वल्हवणं म्हणजे दंडाचं काम, हाही समज सोडायला हवा. जोर पायांनी आतला टेकू दाबून आणि कमरेपासून धड वळवून लावायचा असतो.

‘पट्टीचा पोहणारा आहे, लाइफ जॅकेट कशाला?’ हे तर आपल्या धरणांवरही ऐकू येतं. थंड पाण्यात पडताच श्वास अचानक आत ओढला जातो आणि तोंड पाण्याखाली असेल तर पाणीही आत जातं. कॅनडातले संशोधक गॉर्डन गिझब्रेख्ट यांनी बर्फगार पाण्यासाठी १-१०-१ असं सूत्र मांडलं: श्वास सावरायला एक मिनिट, हातपाय कामाचे राहतात ती दहा मिनिटं आणि शुद्ध हरपायला साधारण एक तास. फेब्रुवारीतली नदी तितकी गार नसली तरी बिघडण्याचा क्रम तोच राहतो. पोहणं विसरलेलं नसतं, हातच साथ देत नाहीत. अशा वेळी माणसाला पाण्यावर धरून ठेवतं ते जॅकेट.

फेब्रुवारी म्हणजे तिथला उन्हाळा, तेव्हा गरम कपडे आणि पावसाळी जॅकेट केवळ सामानाच्या तपासणीपुरतं, असंही अनेकांना वाटतं. पण टास्मानवरून येणारे ढग पश्चिम उतारावर जोरदार कोसळतात. धावेची वाट डिसेप्शन नदीच्या पात्रातून, पुन्हा पुन्हा पाणी ओलांडत १,०७० मीटरवरच्या गोट पासला चढते. ओलं अंग, वारा आणि थकवा एकत्र आले की उन्हाळ्यातही शरीराचं तापमान घसरतं. सुती बनियन इथे घातक, कारण ते पाणी धरून ठेवतं. लोकरीचं किंवा कृत्रिम धाग्याचं हवं. बुटांबाबतही तेच. वॉटरप्रूफ बूट चांगले वाटतात, पण गुडघाभर पाण्यात ते वरून भरतात आणि रिकामे होत नाहीत. पाणी झटपट बाहेर टाकणारे जाळीदार बूटच इथे बरे.

पाणी पिण्याबद्दलचा समज त्याहून धोकादायक. ‘तहान लागण्याआधी, जमेल तितकं प्या’ असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. १९९७ च्या न्यूझीलंड आयर्नमॅनमध्ये शर्यत पूर्ण केलेल्या ३३० जणांची तपासणी झाली, तेव्हा १८ टक्क्यांच्या रक्तात सोडियम गरजेपेक्षा कमी निघालं. त्याचं मुख्य कारण अतिरिक्त पाणी. नुसत्या मिठाच्या गोळ्यांनी ते भरून निघत नाही. सराव करताना आधी आणि नंतर वजन करावं. वजन वाढलं असेल तर पाणी जास्त झालं, हे नक्की.

सामान घेतलं की तयारी झाली, असंही नाही. उदाहरणार्थ, कमरेभोवती बसणारा आणि कयाकमध्ये पाणी येऊ न देणारा स्प्रे स्कर्ट. तो कयाकच्या कडेवर ताणून बसवताना स्कर्ट सोडवण्यासाठी ओढायची पुढची पट्टी बाहेर राहिली पाहिजे. घाईत ती आत दुमडली, तर उलटल्यावर डोकं पाण्याखाली असताना हात चाचपडतो आणि पट्टी सापडत नाही. म्हणून बसवल्यावर दर वेळी ती हाताने चाचपून पाहायची, आणि शर्यतीत घालायचे तेच हातमोजे घालून ती ओढण्याचा सराव करायचा. खाण्याच्या पुड्यांचंही तसंच: गारठलेल्या, ओल्या बोटांनी त्या फुटतात का, हे आधीच पाहावं.

महाराष्ट्रात सुरुवात करायची तर कोलाडची कुंडलिका आहे. भिरा जलविद्युत केंद्रातून सुटणाऱ्या पाण्यामुळे तिथे पावसाळ्याबाहेरही वाहता प्रवाह मिळतो. मात्र प्रशिक्षकाबरोबरचं पहिलं सत्र संथ पाण्यातच व्हावं आणि त्यात पुढे जायच्या आधी उलटून बाहेर पडायला शिकवायला सांगावं.